लाल वायरीतलं चित्र

मावशीची अट एकच होती. काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, साठाव्या वाढदिवसाची डीव्हीडी एकदा डोळे भरून पाहायची, आणि मग घराला कुलूप लावून भाच्याकडे कायमचं राहायला जायचं. घर विकलं गेलं होतं, नवा मालक सोमवारी किल्ल्या मागणार होता, आणि आपल्या आईला तिच्या शेवटच्या आजारपणात भाच्याने शब्द दिला होता, की तुझ्या धाकट्या बहिणीला मी एकटं पडू देणार नाही. तेव्हा शनिवारी सकाळीच तो तिच्या दिवाणखान्यात जुन्या प्लेअरसमोर मांडी घालून बसला.

भाचा कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे आणि त्यांवरून तो दात, हिरड्या घडवायचा. घरात त्याला सगळे दातोबाच म्हणत. परक्या तोंडांचे साचे दिवसभर हाताळणाऱ्या माणसाला किळस ती कसली, असं लोक म्हणायचे, आणि तो प्लेअर उचलेपर्यंत त्यालाही तसंच वाटत होतं. प्लेअरच्या पत्र्यावर तेलकट, चिकट थर बसला होता. बोट लावलं की बोट सुटताना बारीक आवाज व्हायचा. फटींत झुरळांच्या लेंड्या होत्या, मागच्या जाळीत केसांची एक गुंतवळ अडकली होती, आणि सगळ्याला शिळ्या लाळेसारखा वास येत होता. त्याने ओल्या फडक्याने दोनदा पुसून काढलं. थोड्या वेळाने पत्रा पुन्हा चिकट लागला.

डिस्क प्लेअरमध्येच अडकून पडली होती, ट्रे काही केल्या बाहेर येईना. म्हणजे दुसरा प्लेअर आणून भागणार नव्हतं. त्यातून याचं चित्राचं पिवळं भोक गंजून तुटलेलं. चित्राची चांगली उरलेली भोकं तीन, हिरवं, निळं आणि लाल. आणि मावशीच्या नव्या टीव्हीला जुन्या पद्धतीचं चित्राचं भोक एकच, पिवळं. भाच्याने ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो हसून म्हणाला की हे सासू-सुनेसारखं आहे, दोघीही चांगल्या, पण एकमेकींशी जमायचं नाही. तरी त्याने उपाय सांगितला. हिरवी वायर पिवळ्या भोकात घालायची, काळंपांढरं चित्र मिळेल. बाकीच्या दोन वायरींतून नुसता रंग येतो, त्यांत चित्र नसतं, त्यांच्या नादी लागू नका.

हिरवी वायर लावली आणि खरंच चित्र आलं. लांब टेबल, भोवती घरची माणसं, समोर ताटल्या, मधोमध काका. सगळे जेवत होते. काका कॅमेऱ्याकडे पाठ वळवून कोणाशी तरी बोलत होते. त्यांना फोटोचं भारी वावडं. म्हणूनच त्यांचं रूप टिकून राहिलेलं असं हे एवढंच. त्या वाढदिवसानंतर वर्षभरात ते गेले होते. रोग काही सापडला नाही. माणूस आतून पोखरल्यासारखा झिजत गेला एवढंच.

मावशी खुर्ची पुढे ओढून बघत होती. थोड्या वेळाने तिने नाक मुरडलं. म्हणाली, यात जीव नाही, सगळी मढी जेवायला बसल्यासारखी दिसतात. मग दुसरी वायर लावून बघ म्हणाली. भाच्याने मेकॅनिकचं म्हणणं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि खाली वाकून लाल वायरीचं टोक स्वतःच त्याच्या हातात दिलं.

"लाव रे. लावून बघायला काय जातं?"

त्याने हिरवी काढली आणि लाल घातली. पडदा काळा झाला. झालं समाधान, असं म्हणायला तो वळणार, तोच काळोखात काहीतरी हललं. माणसं नव्हती, टेबल नव्हतं. जे जे लाल आणि ओलं होतं तेवढंच उजळलं होतं. ओठ, जिभा, हिरड्या. तोंडं अधांतरी तरंगत होती, उघडत होती, मिटत होती. घास या गालातून त्या गालात जाताना दिसत होता, दातांवर लाळेच्या तारा ताणून तुटत होत्या. आवाजाच्या वायरी जागेवरच होत्या, त्यामुळे गप्पा चालू होत्या. पण आता त्या गप्पांच्या वर मचमच ऐकू येत होती.

माणसं नसली तरी कोण कुठे बसलंय हे त्याच्या लक्षात होतं, आणि तोंडं वाचायची तर त्याला सवयच. हे थोरल्या मामांचं, पुढचे दात फाकलेले. हे त्याच्या आईचं. ते टोकाचं मावशीचं, पडलेल्या दाढांचं. सगळ्यांची ओळख पटल्यावरही एक तोंड उरलं. ते खुर्चीच्या उंचीवर नव्हतं. काका जिथे बसले होते तिथे, त्यांच्या मानेच्या मागे, कॉलरच्या जरा वर ते चिकटलं होतं आणि सावकाश चावत होतं. अधूनमधून थांबायचं, गिळायचं, पुन्हा चावायला लागायचं. काका मोठ्याने हसल्याचं ऐकू आलं, तसं ते तोंडही त्यांच्याबरोबर हललं.

भाचा पडद्याच्या अगदी जवळ गेला. त्या तोंडातली हिरडी खरी नव्हती, कवळीची होती. डाव्या सुळ्याखाली कानस घसरून एक ओरखडा उठला होता, पॉलिश करूनही न गेलेला. हा ओरखडा त्याच्याच हातून पडला होता, गेल्या महिन्यात, मावशीची पहिली कवळी घासताना.

त्याने वळून पाहिलं. मावशी पडद्याकडे टक लावून बसली होती. चेहऱ्यावर कमालीची माया होती आणि हनुवटीवर ओल चमकत होती. तोंडात काही नसताना तिचा जबडा त्याच ठेक्यात हलत होता.

त्याने वायर उपटली. पडदा निळा झाला. मावशीने हनुवटी पुसली आणि तृप्त माणसासारखा श्वास सोडला.

"दिसले हो," ती म्हणाली. "किती दिवसांनी दिसले. चल आता, बोलल्याप्रमाणे निघू या."

त्याने अजून आवराआवर राहिल्याचं सांगून पाहिलं. गॅस, पाणी, शेजाऱ्यांचा निरोप घेणं. ते सगळं तिने कालच उरकलं होतं. मग तो म्हणाला की उद्या येऊन नेतो, आज बायकोला जरा बरं नाही. मावशीने तिथेच त्याच्या बायकोला फोन लावला. बायको ठणठणीत होती. मावशीची खोली झाडून ठेवलीय, मुलं वाट बघतायत, असं सांगत होती. त्याला आईला दिलेला शब्द आठवला, आणि त्या शब्दातून सुटायला जगाला सांगता येईल असं एकही कारण त्याच्याजवळ नव्हतं.

त्याने तिची बॅग डिकीत ठेवली आणि तिच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. मावशीने मान हलवली. मागचं दार उघडून ती आत शिरली, सरकत सरकत बरोबर त्याच्या सीटमागे येऊन बसली आणि त्याची शर्टाची कॉलर दुमडली होती ती हळूच सरळ केली. तिची बोटं चिकट होती.

"सावकाश चालव," ती म्हणाली. "मला कसलीच घाई नाही."