कळा

गेल्या वर्षी दीपालीचे दिवस भरत आले तेव्हा नारळीपौर्णिमा चार दिवसांवर होती. पौर्णिमेनंतर नवरा, सागर, बोटीवर गेला की आठ-आठ दिवस पूर्णगडला घरी फिरकत नसे. बाप घरात असतानाच पोर यावं म्हणून सासूने, गंगुबाईंनी, डॉक्टरांकडून आधीची तारीख मागून घेतली. डॉक्टरांनाही त्या शनिवारी गावाला जायचं होतं. दीपालीला एक कळ आली नाही. पोट फाडलं, सानवी झाली, सागर बोटीवर गेला.

यंदा त्याच सुमारास धाकट्या जावेची, ईशाची पाळी. पण ईशा म्हणाली, "कळा येईपर्यंत मी थांबणार."

"थांबू दे ना आये," तिचा नवरा चिराग म्हणाला. "मी बघीन पोराला मागाहून."

हे दीपालीला झोंबलं. तिच्या वेळेला सागरने तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

गंगुबाईंनी तिला बाजूला घेतलं. "तू सांग गो तिला. म्हणावं, काय होत नाय."

दीपाली लगेच उठली. दोघींनाही टाके पडले की घरात कोण कोणापेक्षा वरचढ?

ईशा पडवीत सुपात सुके बोंबील निवडत होती. "वहिनी, खरं सांगा. दुखतं काय मागाहून?"

'नाय' जिभेवर होतं. तेवढ्यात सानवी रांगत आली नि दीपालीच्या पदराला लोंबकळली.

"दुखतं," दीपाली म्हणाली. "पंधरा दिवस हिला मी उचलली नाय. दुसऱ्याने आणून द्यायची. तू थांब. डॉक्टरच नको म्हणाले तर बघू." हे सांगताना तिला ईशाचा इतका राग आला, की तिने बोंबलाचं सूपच ओढून घेतलं. "आण इकडे, तुला निवडता येत नाय."

बोटी गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ईशाला कळा सुरू झाल्या. रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात तिने दीपालीचा हात धरला तो सोडेचना.

"वहिनी, मेले मी!"

"मरत नाय कोण. ओरड गो, ओरड!"

प्रत्येक कळेला ईशाची नखं रुतत होती, आणि दीपाली हेव्याने बघत होती. हे आपलं होतं. आपल्याला कोणी विचारलंसुद्धा नाही.

दुपारी मुलगी झाली. नर्सबाई हसून दीपालीला म्हणाल्या, "दमलात ना? तुमच्या वेळेला किती तास लागले?"

"सोळा," दीपालीच्या तोंडून निघून गेलं. कान तापले. तिने ईशाकडे बघितलं नाही.

"सोळा!" उशीवरून ईशाचा बसलेला आवाज आला. "वहिनींनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त सोसलंय, बाई."