दोन छेद पाच

सरांनी प्रोजेक्टरची वायर काढली, तिच्या टोकावर फुंकर मारली आणि ती पुन्हा खोचली, तेव्हा कुठे भिंतीवर त्यांचंच चित्र उमटलं. तेही कपाळावरून कापलेलं. पांढऱ्या फळ्यासमोर भुवयांपासून खालचा एक माणूस पेन घेऊन उभा होता आणि कॅमेरा सोडून सगळीकडे बघत होता.

वर्गात खसखस पिकली.

"सर, तुमचं डोकं कुठंय?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

खऱ्या सरांनी, म्हणजे प्रोजेक्टरशेजारी उभ्या असलेल्या सरांनी, टकलावर हात ठेवून दाखवला. त्यांना बोलायची बंदी होती. घशाची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढचे काही महिने एक शब्द नाही, आणि कुजबुज तर मुळीच नाही, तिनं घसा जास्त ताणला जातो. ते ऐकून बायको हसली होती, कारण पोरांनी त्यांचं नावच 'कुजबुज' ठेवलं होतं. आवाज होता तेव्हाही तो तिसऱ्या बाकापलीकडे जात नसे.

पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

"सर, मुलांचं नुकसान मला होऊ देता येणार नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या. शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. "शुक्रवारी मी वर्गात येऊन बसते. जमत असेल तर उत्तम. नाहीतर सहावी दुसऱ्याकडे देते आणि तुम्ही ग्रंथालय सांभाळा."

सरांच्या नोकरीचं हे शेवटचं वर्ष होतं. वर्ग आता गेला की कायमचा गेला. एरवी पुस्तकात डोकं खुपसून बसणारा माणूस, पण त्या दिवशी ग्रंथालयाचं नाव त्यांना शिक्षेसारखं वाटलं. आपण कधी चांगले शिक्षक होतो का, ही शंका त्यांना तशीही जन्मभर होतीच. आता तिचा निकाल लागणार होता.

वाट काढली ती संगणक शिकवणाऱ्या तरुण मास्तरानं. सरांच्या फोनमधली जागा मोकळी करताना त्याला जुने व्हिडिओ सापडले.

"सर! सगळे अपूर्णांक आहेत इथं. हे दडवून ठेवलंत होय?"

सरांनी घाईघाईनं पाटीवर लिहिलं: *ते नको. फार वाईट आहेत.*

मागे साथीच्या काळात शाळा बंद होत्या, तेव्हाचे ते धडे. नुसत्या फोनसमोर बोलायचं म्हटलं की सरांची बोबडी वळायची. शेवटी बायकोनं फोन हातात घेतला आणि म्हणाली, "भिंतीशी काय बोलता? मला शिकवा. मला विचारा." मग ते विचारत गेले, फोनमागून ती उत्तरं देत गेली, आणि, सरांच्या आठवणीप्रमाणे, ती उत्तरं एकजात चुकीची निघाली. हे असलं मुलांना कसं दाखवायचं? सरांनी सोडवलेल्या उदाहरणांचे नुसते फोटो पाठवले आणि व्हिडिओंबद्दल मूग गिळून बसले.

"काकूंचा आवाज कापून टाकतो की," मास्तर म्हणाला. पण ते वेळखाऊ काम होतं आणि शुक्रवार तोंडावर आला होता. म्हणून आज, एक दिवस आधी, काकूंसकट धडा लागला होता.

भिंतीवरच्या सरांनी विचारलं, "एक छेद दोन अधिक एक छेद तीन. किती?"

फोनमागून बाईचा खणखणीत आवाज आला, "सोपंय! वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. दोन छेद पाच."

ज्यांचं उत्तर तेच होतं ते वह्यांकडे बघू लागले. मग एकदम गलका उसळला.

"काकू, चूक!"

"काय चूक? बरोबर तर आहे!" पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"अगं, अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं? भाकरीत भाकरी घातली की भाकरी घटते होय?"

सरांनी चाचपडत स्पेसबार दाबला. चित्र थांबलं. गलका काही थांबेना. एरवी ज्यांच्या तोंडून शब्द काढायला घाम फुटायचा, ती पोरं फळ्याशी धावत होती. स्वतःची चूक कबूल करायची नव्हती, काकूंची सुधारायची होती. त्यात कसली लाज? खिडकीपाशी बसणारी एक मुलगी वर्षभर हात वर न केलेली. तिनं खडू घेतला, अर्ध्याचे सहा भागांत तीन केले, एक तृतीयांशाचे दोन केले, आणि भिंतीकडे वळून म्हणाली, "कळलं का काकू? आधी छेद सारखे करायचे."

शुक्रवारीही तेच झालं, फक्त दुप्पट आवाजात. मोठ्या बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. काकू चुकल्या, पोरं तुटून पडली, दोघं तर बाकावर चढली. शेजारच्या वर्गाचे शिक्षक दारातून डोकावून गेले. सरांनी हातवारे करून पाहिले, पाटीवर *शांत* असं लिहून ती उंच धरली. तिच्याकडे कुणी ढुंकून बघेना. संपलं, त्यांनी मनाशी म्हटलं. ग्रंथालय.

"ए, खाली उतर," मोठ्या बाईंचा आवाज आला. वर्ग चिडीचूप झाला. बाई बाकावरच्या मुलाकडे बघत होत्या. "तिथून ओरडून त्यांना काय कळणार? इकडे ये, आणि नीट पटवून दे काकूंना. मीच काकू. दोन छेद पाच का नाही?"

तास संपल्यावर त्या दारात थांबल्या.

"वर्ग तुमच्याकडेच राहू द्या, सर. आणि बाईसाहेबांना माझा नमस्कार सांगा."

सरांचा जीव भांड्यात पडला. ते टेबलाला टेकून उभे राहिले. आभार मानायला तोंड उघडलं, डॉक्टर आठवले, आणि त्यांनी नुसतेच हात जोडले.

मधल्या सुट्टीत खिडकीजवळची मुलगी पुन्हा आत आली. शाळेनं दिलेला टॅब तिच्या हातात होता; मास्तरानं सगळे धडे त्यात घालून दिले होते.

"सर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

सरांनी मान हलवली.

"काकू मुद्दाम चुकतात."

सर हसले. गणित हा बायकोचा प्रांत नव्हे, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. इतक्या वर्षांत विचारलं मात्र कधी नव्हतं.

"हसू नका, ऐका. मी पुढचे धडे काल घरी बघितले." तिनं टॅब पुढे केला. व्हिडिओतले सर 'तीन छेद चार अधिक पाच छेद सहा' असं लिहून, मधली पायरी गाळून, थेट 'सतरा छेद बारा' लिहीत होते. आकडा पुरा होण्याआधीच फोनमागून हळूच आवाज आला, "एकोणीस." पडद्यावरच्या सरांनी न वळता सतराचं एकोणीस केलं आणि बोलत राहिले.

"बघा. तुमच्याआधी त्यांना येत होतं."

टॅब त्यांच्या हातात देऊन ती पळून गेली. सर टॅब धरून बसून राहिले. मग बोटानं मागे मागे सरकत ते अगदी पहिल्या व्हिडिओपाशी आले. तो त्यांनी केला त्या दिवसानंतर कधी पाहिला नव्हता.

त्यात बायकोची सगळी उत्तरं बरोबर होती. एकूण एक.

आणि त्यात ते स्वतः कसे होते? "बरोबर. पुढे." "बरोबर. पुढे." सुटकेचा श्वास टाकत एका उदाहरणावरून दुसऱ्यावर पळणारा माणूस. काहीही न शिकवता धडा आटोपला होता. शेवटी तिचा आवाज आला, "झालं एवढ्यात?" आणि चित्र काळं झालं.

त्यांनी दुसरा धडा लावला. पहिलाच प्रश्न, पहिलंच चुकीचं उत्तर. पडद्यावरचा माणूस थबकला. पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यानं कॅमेऱ्याकडे, किंबहुना कॅमेऱ्यामागे, नीट बघितलं. "असं का वाटलं तुला?" त्यानं मऊ आवाजात विचारलं, कागद घेतला, घडी घातली, आणि सावकाश समजावू लागला. सर बघत राहिले. हा माणूस चांगला शिकवत होता. ते पहिल्यांदाच त्याच्या वर्गात बसले होते.

घरी पोचले तेव्हा बायको ओट्याशी भांडी पुसत होती.

"अहो, काय म्हणाल्या बाई? इतका उशीर? लिहा की पटकन, जीव टांगणीला लागलाय इथं."

त्यांनी लिहिलं: *वर्ग माझ्याकडेच. तुला नमस्कार सांगितलाय.*

"मला? मी काय केलं?" तिनं हातातलं पातेलं पुन्हा पुसायला घेतलं. ते कोरडंच होतं. "पोरं हसली असतील मला. हसू देत मेली."

सर पाटीकडे बघत उभे राहिले. पुष्कळ लिहायचं होतं. पाटी पुरली नसती. त्यांनी सगळं पुसलं आणि एकच ओळ लिहून तिच्यापुढे धरली: *पाच छेद आठ अधिक एक छेद सहा.*

तिनं पाटीकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे. बराच वेळ पाहिलं. पातेलं खाली ठेवून तिनं पदराला हात पुसले आणि ती समोरच्या खुर्चीत बसली.

"सोपंय," ती म्हणाली. "सहा छेद चौदा."

सरांनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. उदाहरणाखाली पहिली पायरी लिहिली, आणि तिची नजर तिथवर पोचेपर्यंत थांबले.