वळूला कोण तपासतं

कासानारेच्या माळावर मुलीच्या बाप्तिस्म्याला बाप एक कालवड देतो आणि तिच्या अंगावर मुलीच्या नावाचा डाग उठवतो. पुढे त्या कालवडीचा सगळा वंश मुलीचा. मी लग्न केलं नाही, तेव्हा या गायी हाच माझा संसार. आणि माझा धाकटा भाऊ अनिबाल आज त्यांना खाटकाच्या ट्रकमध्ये चढवत होता, वर माझीच समजूत घालत होता.

सकाळपासून गुरांचा डॉक्टर एकेका गायीच्या आत खांद्यापर्यंत हात घालून बघत होता. तो "रिकामी" म्हणाला की गडी तिच्या शेपटीचे केस कापायचे. केस कापलेली गाय ट्रकची. गाभण निघाली ती एकटी बांडी, कुंपण मोडून सारखी शेजारच्या कळपात पळणारी. त्यापायी आम्ही तिला किती शिव्या घातल्या होत्या.

तीच तेवढी गाभण हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. गेल्या साली अनिबालने प्रदर्शनातून थंड मुलखातला वळू आणला. नाव एम्पेरादोर, म्हणजे सम्राट. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! त्याच्या वाटेत कुणी येऊ नये म्हणून आमचे गावठी वळू खच्ची केले. भर उन्हात गायींमागे हिंडणारे, वडिलांनी जपलेले. सम्राट मात्र ऊन चढलं की डबक्यात शिरतो आणि दिवस कलेपर्यंत तिथून हलत नाही. गायी माजावर येतात, हंबरतात आणि गप्प होतात.

वळूला तपासलं का, मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, मला गायींसाठीच बोलावलंय.

अनिबाल हसला. "ताई, एवढा महागाचा वळू, त्याला काय धाड भरलीय? भाकड गायी पोसायला मी धर्मशाळा नाही काढलेली."

चोर सोडून संन्याशाला फाशी. मी ट्रकला लावलेल्या फळीवर जाऊन उभी राहिले.

"निएव्हेसलाही तू हेच म्हणालास," मी म्हटलं. "वांझ म्हणून पहिली बायको माहेरी धाडलीस. आज ती दोन पोरं घेऊन ओरोकुएच्या बाजारात फिरते. सगळ्यांना दिसतं, फक्त तुझ्या तोंडावर कुणी बोलत नाही."

अनिबाल लालबुंद झाला. मला ओढून बाजूला करा, असं त्याने गड्यांना सांगितलं. कुणी हललं नाही. पण माझ्या बाजूनेही एकाने तोंड उघडलं नाही, त्याचाही मला संताप आला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून दिलिया आली, त्याची आताची बायको. मूल व्हावं म्हणून आमची आई तिला दोन्ही वेळा कसल्याशा सालीचा कडू काढा पाजते. दुपारचा पेला भरलेला तसाच तिच्या हातात होता. तो तिने नवऱ्याच्या हातात दिला.

"आजपासून तुम्ही घ्या," ती म्हणाली.

मग तिने ट्रकची कडी काढली. मी फळीवरून बाजूला झाले, आणि आम्ही दोघी गायी खाली उतरवायला लागलो.