लाल सोनं

त्या दिवशी दत्तात्रेयरावांनी जांफळ, म्हणजे पेरू, मागितलं, यापलीकडे घरात सांगण्यासारखं काही घडलं नाही. पतंगांची उत्तरायण आठवड्यावर आली होती. गल्लीत मांजा रंगवणाऱ्यांनी दोन खांबांमध्ये गुलाबी दोरा ताणला होता आणि भाजीवाली त्याच्याखालून वाकून ओरडत चालली होती. त्यांच्या पत्नी अहल्याबाईंनी खिडकीतून टोपली सोडून जांफळं वर घेतली. दत्तात्रेयरावांनी पलंगावर बसूनच एक फोड उचलली, मीठ लावलं, बराच वेळ चघळली आणि ताटली सरकवली.

"एकच?"

"चव आली, बस. बाकीची संपतरावांना."

संपतराव कोयलीच्या रिफायनरीतले त्यांचे सोबती. तिथल्या प्रयोगशाळेत तेलाचे नमुने तपासण्यात दोघांची उमर गेली. आता रोज संध्याकाळी ते जिना चढून येत आणि दारातूनच तोफ डागत.

"काय दत्तोबा, आज किती सोनं प्यायलास? तुला घरात ठेवणं बरं नाही, बँकेच्या लॉकरात ठेवायला हवं."

"मावणार कसा?"

"मावशील रे. आता कुठल्याही खणात मावशील."

मग दत्तात्रेयरावच आधी हसले, तेव्हा बाकीच्यांना हसता आलं. मुलगी मोहना फतेगंजच्या युनिव्हर्सिटीतून नुकतीच आली होती. स्कार्फही सोडला नव्हता. तिने फ्रिजमधून कोकमाच्या बाटलीशेजारची छोटी बाटली काढली, चमचाभर लाल पाणी ओतलं आणि वडिलांपुढे धरलं. त्यांनी ते घेतलं, तोंड पुसलं आणि रोजचा प्रश्न विचारला.

"कुठवर आलंय तुझं?"

"चाललंय, बाबा," ती म्हणाली. हेही रोजचंच.

मोहना युनिव्हर्सिटीत संशोधन करायची. सोन्याचे कण करायचे, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. त्या आकाराला सोनं पिवळं राहत नाही, कोकमासारखं लाल होतं. त्या कणांवर एक मऊ पांघरूण घालायचं आणि पांघरुणात कॅन्सरचं औषध भरायचं, म्हणजे ते जहर केसांवर नि आतड्यांवर न सांडता गाठीतच उतरेल, अशी ती कल्पना. काचेच्या बशीतल्या पेशींवर ते चाललं होतं. त्या वर्षांत नॅनो हा शब्द सगळीकडे झाला होता; परिषदा भरत होत्या, दिल्लीहून निधी येत होता. अमेरिकेत तर आदल्याच वर्षी प्रथिनाच्या कणांत गुंडाळलेलं औषध बाजारात आलं होतं. पण ते स्तनाच्या कॅन्सरसाठी होतं आणि दत्तात्रेयरावांचा होता स्वादुपिंडाचा. तरी मोहनाने परदेशी लोकांना ईमेल पाठवले होते. उत्तरं आली, ती फार सभ्य होती.

दुखणं कळण्याआधी, दिवाळीच्या सुटीत, वडिलांना तिने एकदा प्रयोगशाळा दाखवली होती. दोन परीक्षानळ्यांत सारखंच लाल पाणी घेतलं आणि दोन्हींत चिमूटभर मीठ टाकलं. एक नळी लालच राहिली. दुसरी बघता बघता जांभळी झाली, मग निळसर, आणि थोड्या वेळाने तळाशी काळा गाळ बसला.

"पहिलीत पांघरूण घातलेलं सोनं आहे," ती म्हणाली होती. "त्याला मिठाची भीती नाही. दुसरीतलं उघडं आहे. मीठ लागलं की कण एकमेकांना चिकटून बसतात. रक्तात मीठ असतंच, म्हणून पांघरुणाशिवाय काही कामाचं नाही."

दत्तात्रेयरावांनी जुन्या सवयीने नळी उजेडापुढे धरली. "फक्कड! आमच्याकडे एवढी सोपी परीक्षा असती तर मी दुपारी घरी जेवायला आलो असतो."

पुढे पंधरवड्यात त्यांना कावीळ झाली आणि काविळीमागून खरं नाव कळलं. केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. तेव्हा एका सकाळी अहल्याबाईंनी मोहनाला जिन्यात गाठलं.

"जगासाठी करतेस ना औषध? मग बापाने काय घोडं मारलंय?"

"आई, ते अजून उंदरांनासुद्धा दिलेलं नाही."

"उंदीर मरायला टेकलेत का?"

मोहना जिना उतरून प्रयोगशाळेत गेली. त्या संध्याकाळी ती बाटली घेऊन आली. आत उघडं सोनं होतं, औषध नसलेलं, पांघरूण नसलेलं. खरं म्हणजे बहुतेक पाणीच. अपाय होणार नाही एवढाच विचार तिने केला होता. "हे थोडं थोडं घ्यायचं," एवढंच ती बोलली. खोटं असं तिने काहीच सांगितलं नाही. अहल्याबाईंनी मात्र त्या चार शब्दांत हवं ते सगळं ऐकलं आणि देवापुढे साखर ठेवली.

दत्तात्रेयरावांनी बाटली हातात घेतली, कागदाची पट्टी मागवली, तारीख घातली, छोटी सही केली आणि पट्टी बाटलीला चिकटवली. घरातल्या प्रत्येक बरणीवर अशी पट्टी होती, लोणच्याच्यासुद्धा. नाव-तारीख नसेल तो नमुनाच नव्हे, हा रिफायनरीतला नियम त्यांनी स्वयंपाकघरातही सोडला नव्हता.

दोन-तीन दिवसांनी ते म्हणाले, "आता हॉस्पिटल नको. घरचं औषध आहे ना."

मोहना डॉक्टरांकडे धावली. केमोने मिळाले तर काही आठवडे मिळतील, ते म्हणाले. पण ते आठवडे कसे जातील याचा शब्द देता येणार नाही. म्हणजे बाबांना खरं सांगायला तर हवंच होतं. रोज संध्याकाळी चमचा हातात घेऊन ती उभी राहायची, वाक्य घशापर्यंत यायचं, आणि नेमका त्याच वेळी आईचा आवाज यायचा, "आज दोन घास जास्त गेले बरं का त्यांना!" वाक्य परत खाली जायचं.

एकदा तिने खरी बाटलीही आणली, पांघरुणाची, औषधाची. पर्समध्ये रुमालात गुंडाळून आणली, कोणाला न विचारता. फ्रिज उघडून ती तशीच उभी राहिली, थंड वारा अंगावर घेत. हे औषध पोटात घ्यायचं नव्हे, शिरेतून द्यायचं; किती द्यायचं ते जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. सुई कुठे मिळेल, शीर कशी शोधायची, इथपर्यंत ती मनात जाऊन पोचली. मग "फ्रिज बंद कर, बर्फ वितळेल," असं आई ओरडली आणि दुसऱ्या दिवशी ती बाटली होती तिथे परत गेली.

जांफळाच्या दिवशीही तिने काही सांगितलं नाही. संपतराव उरलेल्या फोडी खात बसले, क्रिकेटवरून भांडले, आणि "चालो, आवजो" म्हणून जिना उतरले.

दुसऱ्या सकाळी दत्तात्रेयरावांना रक्ताची उलटी झाली. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली तोवर घाई करण्याचं कारण उरलं नव्हतं.

अहल्याबाईंनी मंगळसूत्रातला एक मणी सोडवला. गंगाजल, तुळशीपान आणि सोनं. जाणाऱ्याच्या मुखात घालायचं असतं ते. मणी ओठांवरून घरंगळला. संपतरावांनी तो उचलून दिला. लॉकर हा शब्द त्यांनी पुन्हा कधी उच्चारला नाही. मोहना बाजूला उभी होती. सगळ्यांनी तिला सांगितलं, रडून घे. ती लोकांना पाणी देत राहिली. डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती: मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, आणि त्यावर विसंबून बाबांनी हॉस्पिटल सोडलं.

तेरा दिवस झाल्यावर पलंगाशेजारचं कपाट आवरायचं निघालं. अहल्याबाई स्वयंपाकघरात होत्या. औषधांच्या पाकिटांमागे, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या पेटीत, एक बारीक काचेची कुपी उभी होती. बुचाची. आत गोळ्या नव्हत्या. पाणी होतं, करडं, निळसर झाक असलेलं, आणि तळाशी काळा गाळ.

मोहनाने ती खिडकीपाशी नेली. कुपीवर पट्टी होती, छोटी सही होती. तारीख पहिल्या दिवसाची होती, ज्या संध्याकाळी तिने बाटली आणली त्याच. म्हणजे जेवणाच्या ताटातल्या मिठाची चिमूट बाबांनी तेव्हाच टाकून पाहिली होती. पहिला चमचा घेण्याआधी किंवा लगेच नंतर. त्यांना माहीत होतं. त्यानंतरची प्रत्येक संध्याकाळ त्यांनी तो चमचा तोंडात घेतला, तोंड पुसलं आणि तिला विचारलं, कुठवर आलंय.

तिला वाटलं होतं, असं काही कळलं तर छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. घरचं औषध आहे, हे त्यांनी पुढे केलेलं नुसतं निमित्त होतं, हॉस्पिटलातून सुटायचं, आणि खरं सांगण्यातून तिला सोडवायचं. तिने न बोलून त्यांना सांभाळलं असं तिला वाटत होतं. सांभाळत तर तेच होते. आणि दोघांमध्ये तो चमचा तेवढा रोज जात-येत राहिला.

रिकाम्या पलंगावर गादी गुंडाळून ठेवली होती. मोहना पलंगाच्या लाकडी पट्ट्यांवर बसली, कुपी मुठीत धरून.

"बाबा," ती म्हणाली. मग तिने परत, मोठ्याने म्हटलं, "बाबा."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"चाललेलं नाहीये, बाबा. कुठवरही आलेलं नाही. त्या पाण्यात काही नव्हतं, मला औषध करता आलं नाही. मला फार भीती वाटत होती. तुम्ही जाऊ नका, एवढंच मला म्हणायचं होतं रोज. जाऊ नका."