बाई बसल्या तो तास

मित्रांनो, मी सातवीच्या वर्गातली एक जुनी लाकडी खुर्ची आहे. जुनी म्हटलं म्हणून कीव करू नका. मला हात आहेत, पाठ आहे, चार पाय आहेत. त्यातला एक डुगडुगतो, पण तो त्याचा स्वभाव आहे.

सुतारकाकांनी रंधा मारून, पॉलिश करून मला शाळेत आणलं, तेव्हा वाटलं, आता आपल्यावर साक्षात विद्या विराजमान होणार. झाले ते वह्यांचे गठ्ठे. कारण मुख्याध्यापकांचा नियमच होता: बसला तो शिक्षक संपला. माझ्यावर बसण्याचा मान फक्त तपासणीच्या साहेबांचा. ते वर्षातून एकदा येत आणि शिकवणं ऐकता ऐकता डोळे मिटून घेत. मी त्यांना कधी पडू दिलं नाही. शाळेला चांगला शेरा मिळायचा तो त्यामुळेच, असं माझं प्रामाणिक मत आहे.

वर्गाच्या बाई मात्र दिवसभर उभ्या. पोरांवर त्यांची माया फार. कुणी दमलं, कुणाचं गणित चुकलं, की म्हणायच्या, "बस पाच मिनिटं. पृथ्वी काही फिरायची थांबत नाही." स्वतःचं चुकलं की त्याच बाई फळ्याकडे तोंड करून पुटपुटायच्या, "अक्कल गहाण टाकलीय मी." हे फक्त मला ऐकू यायचं. संध्याकाळी त्यांचे पाय चपलेत मावत नसत. असंच उभं राहिलात तर शाळा सोडावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गाच्या बाईंना हे सांगून वर हसून म्हणाल्या, बसले तर मुलं काय म्हणतील?

मुलं काय म्हणाली ते ऐका. एके दिवशी बाईंची फळ्यावरची बेरीज चुकली. पुसली, पुन्हा चुकली. माझी पाठ घट्ट धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. तेव्हा बडबडीबद्दल रोज बोलणी खाणारी पहिल्या बाकावरची मुलगी उठली. तिनं माझ्यावरच्या वह्या उतरवल्या आणि पोक्तपणे म्हणाली, "बाई, बसा पाच मिनिटं. पृथ्वी काही फिरायची थांबत नाही."

बाई बसल्या. आणि नेमके दारात मुख्याध्यापक! बाई अर्धवट उठल्या. मग पुन्हा बसल्या.

"सर, मी दमलेय. आज बसून शिकवते."

सरांनी बाईंकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्वतःचा गुडघा चोळत हळूच म्हणाले, "आणखी एखादी खुर्ची आहे का?"

आता प्रत्येक वर्गात खुर्ची आहे, आणि त्या सगळ्यांत थोरली मी. बाई अजून शाळेत आहेत. हल्ली बेरीज चुकली की पुटपुटतात, "असू दे, पुन्हा करू." हेही फक्त मला ऐकू येतं.

परवा सुतारकाका माझ्या डुगडुगत्या पायाला पाचर ठोकून गेले. स्वभावाला औषध नसतं म्हणतात, पण पाचर असते. मला त्याची लाज वाटली नाही. तेव्हा मित्रांनो, वर्गातल्या खुर्चीवर वह्या रचू नका. चार पाय असून मलाही आधार लागतो. तुमच्या बाईंना तर दोनच आहेत.