पलंगापासून खुर्चीपर्यंत

रिठदचा संघपाल मंडप बांधता बांधता उंचावरून पडला, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. त्याला आता चार वर्षं होत आली. तरी गडी व्हीलचेअरवर बसून शाळाशाळांत भाषणं देत फिरे. "मी कोनावर अवलंबून नाई. माहं सगळं मीच करतो," तो ठासून सांगे. टाळ्या पडत. त्याची बायको पौर्णिमा मागे उभी राहून ऐके.

एक दिवस केनवडहून राखीचा फोन आला. मोटारसायकल घसरून तिचा नवरा हरीओम तसाच अधू झाला होता. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राही, कोणाशी बोलत नसे. "भाऊ, एकदा या. तुमचं ते आयकतीन."

संघपाल पौर्णिमाला घेऊन गेला. नेहमीचंच बोलला. बऱ्याच वेळाने हरीओमने मान वळवली.

"खुर्चीतून पलंगावर कसे जाता? दाखवा."

राखीचे डोळे भरून आले. नवरा बोलला होता! संघपालला मात्र ते येत नव्हतं. दवाखान्यात खुर्ची आणि पलंगामध्ये फळी टाकून तिच्यावरून सरकायला शिकवलं होतं, पण घरी आल्यावर त्याने ते सोडूनच दिलं होतं. रोज पौर्णिमाच उचलायची.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. आता माघार कशी घ्यायची? त्याने पलंगावर हात टेकले, अंग ढकललं आणि धाडकन खाली आला. लघवीच्या पिशवीची नळी निघाली. फरशी ओली झाली, वास सुटला. पौर्णिमाने मुकाट्याने पुसलं, राखीच्या मदतीने त्याला उचललं.

"मले येत नाई," तो कसाबसा म्हणाला. "हेच उचलते मले."

"मंग भाषनात सांगता ते?" हरीओमने विचारलं.

"खोटं."

हरीओमने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर संघपालने ताट बाजूला सारलं. "तू कधी टोकलं काहून नाई मले?"

"टाळ्या वाजल्या का तुमचा चेहरा खुलायचा," पौर्णिमा म्हणाली. "एरवी कुठी खुलते?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरची फळी काढायला लावली. पडला. पौर्णिमा धावली, उचललं, पुन्हा पडला. खांदे भरून आले. शाळांचे फोन त्याने घेतलेच नाहीत. दीड महिन्याने कधी जमायचं, कधी फसायचं. मग एका सकाळी तो न बोलावताच केनवडला गेला. दारातच त्याचे कान तापले.

"आता काय सांगाले आले?" हरीओमने विचारलं.

"काई नाई. फळी आनली. अजून धड येत नाई, पडीन बी. पाहाचं असन तं पाहा."

हरीओम त्या फळीकडे पाहत राहिला. मग बायकोला म्हणाला, "राखी, मले जरा उठवून बसव."