कागदावरचं सगळं वाचणारे मामा

मामांची वरिष्ठ सभागृहावर नेमणूक झाली. मतं नाहीत, प्रचार नाही. मंत्र्यांच्या बंगल्यांवर फुकट उशा पोचवल्या, एवढंच कर्तृत्व! उशांचा कारखाना होता ना त्यांचा. त्या दिवसापासून स्वारी अशी चालायला लागली, जणू मानेला कडक इस्त्री केलीय.

त्यांची भाची त्यांच्याच ऑफिसात टायपिंग करायची. घरी ‘मामा’, कारखान्यात ‘साहेब’ आणि आता दोन्हीकडे ‘सन्माननीय’ म्हणायचं, असं फर्मान निघालं. तिची आई, म्हणजे मामांची सख्खी बहीण, खाली उशांत कापूस भरायची. खिडक्या कायम बंद, कारण वाऱ्याने कापूस उडतो. मग तो जायचा कुठे? आईच्या छातीत. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, हवा बाहेर खेचणारे पंखे लावा, नाहीतर काम सोडा. काम सोडून खायचं काय?

“मामा, ते पंख्यांचं...”

“सन्माननीय!”

“सन्माननीय मामा, आईचा खोकला...”

“तिला म्हणावं, तोंड मिटून काम कर. निम्मा खोकला बडबडीने होतो. माझं भाषण टाइप कर आधी. मोठ्या अक्षरात हं!”

भाषणं तीच लिहायची. मामा ती आधी नजरेखालूनसुद्धा घालत नसत. कारखान्याच्या वार्षिक सभेत त्यांनी ‘इथे चष्मा काढा’ हेही खणखणीत वाचलं होतं, आणि पुढच्या रांगेतल्या चौघांनी बिचाऱ्यांनी आपापले चष्मे काढले होते!

ते आठवलं आणि तिची बोटं थबकली. मग धडाधड चालली.

विषय होता कामगारांचं आरोग्य. घरी टीव्हीसमोर आई खोकत होती, ही नखं खात होती. पडद्यावर, सभागृहात, मामा उभे राहिले.

“माझ्या कारखान्यात,” ते गरजले, “कापसाच्या खोलीत एकही पंखा नाही. माझी सख्खी बहीण तिथे खोकते. मला लाज वाटते. महिन्याभरात आठ पंखे लावीन, हा माझा शब्द! इथे टाळ्यांसाठी थांबा!”

सभागृह खो खो हसलं आणि टाळ्याही कडाडल्या. आई खोकायचीच विसरली. “अगं, घालवलीस ना नोकरी!”

दुसऱ्या दिवशी मामा पेपर नाचवत आले. पहिल्या पानावर फोटो!

“पाहिलंस? ऐन वेळी सुचलं मला. अगदी आतून आलं!”

“हो ना, सन्माननीय,” ती गाल आतून चावत म्हणाली.

पंखे लागले, आठही. प्रत्येकाखाली मामांचा हसरा फोटो. पंधरा दिवसांत त्यावर कापूस असा चिकटला की नाकाखाली काही दिसेना.

“पुसू का गं?” आईने विचारलं.

“राहू दे. पहिल्यांदाच तोंड मिटून काम करतायत.”